‘तसली’पासून लेस्बियनपर्यंत

पुरुषाला हिणवायचं म्हटलं तर मराठीत शिव्यांना तोटा नाही. बायल्या, छक्का, शिवाय गल्लीगल्लीत आणखी चार. बाईवर जीव जडलेल्या बाईसाठी मात्र प्रचलित मराठीनं एक धड शिवीसुद्धा घडवली नाही. ‘ती ना, तसली आहे,’ एवढ्यावर भागवलं. आवाज खाली, भुवई वर. तसली म्हणजे कसली, ते ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं. नवरा टाकून आलेलीही तसलीच, रात्री उशिरा घरी येणारीही तसलीच. त्या गर्दीत हिची वेगळी ओळख कुठून लागणार?

जगात इतरत्र बायकांनी आपल्यावर फेकलेल्या शिव्या उचलून स्वतःच्या नावाच्या पाट्या केल्या. इंग्रजीतली ‘डाइक’ ही शिवीच. १९७६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राइड मिरवणुकीत मोटारसायकलवर स्वार झालेल्या बायकांनी ‘डाइक्स ऑन बाइक्स’ हे नाव घेतलं. पुढे त्याचा ट्रेडमार्क मागायला गेल्या, तर तिथल्या सरकारी कार्यालयानं आधी सांगितलं की हा शब्द अपमानकारक आहे, मिळणार नाही. म्हणजे तुमचाच अपमान होतोय, हे तुम्हाला आम्ही सांगणार! त्या भांडल्या आणि नाव मिळवलंच. ‘क्वीअर’चंही तेच. वर्षानुवर्षं तोंडावर फेकला गेलेला शब्द १९९० साली न्यूयॉर्कमध्ये ‘क्वीअर नेशन’वाल्यांनी फलकावर चढवला. पण शिवी परत मिळवायची तर ती आधी कुणी ठणकावून दिलेली असावी लागते. ‘तसली’ असं सदऱ्यावर छापून कोण फिरणार, आणि वाचणाऱ्याला त्यातून काय कळणार? मराठी बाईला म्हणून परत मिळवायला काही नव्हतं, बाहेरून आणायला होतं.

तोवर निवारा होता तो ‘मैत्रीण’ या शब्दाचा. तो काही लहान नव्हता. मेहकर तालुक्यातलं हिवरा आश्रम घ्या. विवेकानंद आश्रम उभा राहिला आणि हिवऱ्याच्या नावाला ‘आश्रम’ कायमचं चिकटलं. शाळा-कॉलेजमुळे आसपासच्या खेड्यांतल्या मुलींची तिथे ये-जा. अशा गावात दोन मुली एका सायकलवरून आल्या, एका ताटात जेवल्या, एका अंथरुणावर निजल्या, तरी कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही. ‘लय जिवाच्या मैतरणी हायेत,’ म्हणतात आणि विषय संपतो. मुलगा आणि मुलगी असे दिसले असते तर संध्याकाळपर्यंत बैठक बसली असती. हे छप्पर फुकट मिळायचं, पण मुदतीचं होतं. लग्न ठरलं की मैत्रिणीनं निमूट बाजूला व्हायचं, वर करवली म्हणून मिरवायचं.

मराठीत छापील पानावर हा विषय आला तो आरोपी म्हणून. र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’मध्ये वाचक लैंगिक शंका विचारायचे आणि कर्वे सरळ उत्तरं द्यायचे. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांवरच्या उत्तरांबद्दल १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. बाजू मांडायला उभे राहिले डॉ. आंबेडकर. खटला हरले, २०० रुपये दंड झाला. विषय तेव्हाही सामान्य माणसाच्या पत्रातूनच आला होता, हे मला दंडापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

मग थेट १९८१. तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ रंगमंचावर आलं. रोहिणी हट्टंगडींनी रंगवलेली सुमित्रा देव. सगळे तिला मित्रा म्हणतात. नाटकाचं नाव ऐकताना आधी वाटतं, कुण्या मित्राची गोष्ट आहे. मित्र असो की मित्रा, षष्ठीत दोघांचं ‘मित्राची’च होतं. नायिका पुरुषी शब्दाच्या आडोशानं आत येते आणि नमा या मुलीवर प्रेम करते. गोष्ट सांगतो बापू, म्हणजे तिचा खरोखरचा मित्र. ती आत्महत्या करते. मला हे नाटक नेहमी अर्धवट उघडलेल्या दारासारखं वाटलं आहे: बाईचं दुःख दिसतं, पण ती स्वतःला काय म्हणवून घेते ते बापूच्या तोंडून कसं कळावं? पुढच्याच वर्षी ‘उंबरठा’ आला. त्यातल्या महिलाश्रमातल्या दोघींचं नातं पडद्यावर दिसलं खरं, पण व्यवस्थापनाला पडलेला पेच म्हणून.

स्वतःचं नाव स्वतः ठेवायला सुरुवात झाली ती त्यानंतर. दिल्लीत १९९१ साली ‘सखी’ हा गट निघाला, मुंबईत १९९५ साली ‘स्त्री संगम’. दोन्ही नावं पाहा: घरच्या पत्त्यावर या नावाचं पाकीट आलं तरी सासूला वाटावं, भिशी मंडळ असेल. अशा नावांची टिंगल करणं सोपं आहे. मला त्यात शहाणपण दिसतं. ज्या बाईचं पत्र घरातला दुसराच कुणी फोडतो, तिच्यासाठी पाकिटावरचं नाव ही चैन नसते.

मग २ डिसेंबर १९९८. दोन बायकांच्या प्रेमावरचा ‘फायर’ चित्रपट चालू असताना गोरेगावच्या सिनेमॅक्सवर शिवसेनेच्या महिला कार्यकर्त्यांनी हल्ला केला. त्याच चित्रपटात एक नायिका म्हणते की आपण जे आहोत त्याला आपल्या भाषेत शब्द नाही. तोडफोड करणाऱ्यांनी ती उणीव आयती भरून काढली. जो शब्द मराठी घरात उच्चारला जात नव्हता तो वर्तमानपत्रातून चहाच्या टेबलावर आला. पाच दिवसांनी दिल्लीत रीगल थिएटरबाहेर बायका फलक घेऊन उभ्या राहिल्या, त्यावर भारतीय आणि लेस्बियन हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी होते. भांडण त्या ‘आणि’वर होतं.

त्यानंतर ‘स्त्री संगम’नं नाव बदललं. ‘लेबिया’: लेस्बियन्स अँड बायसेक्शुअल्स इन अॅक्शन. आद्याक्षरं जुळवताना स्त्रीच्या जननेंद्रियाच्या ओठांचं वैद्यकीय नाव तयार होतं, आणि ते अर्थातच जाणूनबुजून. पाकिटावर लपणारं नाव गेलं, उच्चारताना सभ्य माणूस अडखळेल असं आलं. पण तेही पुरेना. आपण स्त्री आहोत असं न मानणारेही गटात होते. त्यांना लेस्बियन म्हणायचं कसं? पुढे याच गटानं देशभरातल्या ५० जणांच्या सविस्तर मुलाखती घेऊन २०१३ साली अभ्यास मांडला, त्यात माणसं स्वतःला इतक्या तऱ्हांनी सांगतात की कुठलीच एक पाटी टिकत नाही. गट आता स्वतःची ओळख क्वीअर स्त्रीवादी अशी करून देतो.

पुण्याहून दुसरी वाट निघाली. बिंदुमाधव खिरे यांच्या ‘समपथिक’ ट्रस्टनं मराठी पुस्तकांतून हा विषय घरोघर नेला, आणि ‘समलिंगी’ रुळला. कित्येकींना तो जवळचा वाटत नाही. त्यात लिंग ऐकू येतं, प्रेम नाही. दवाखान्याच्या कागदासारखा वास येतो. लेस्बियन म्हणावं तर गावाकडे तो शब्द मोबाइलवरच्या घाणेरड्या व्हिडिओंतून आधी पोचलेला. क्वीअर म्हटलं की इंग्रजी शाळेतली वाटते. बरं, ज्या लेस्बोस बेटावरच्या सॅफो या प्राचीन कवयित्रीमुळे हा शब्द जगाला मिळाला, तिथल्याही काही रहिवाशांना तो नकोसा झाला होता. २००८ साली ते ग्रीसमधल्या समलिंगी संघटनेविरुद्ध कोर्टात गेले, की लेस्बियन म्हणजे आम्ही, बेटावरचे. कोर्टानं ऐकलं नाही.

२०२१च्या डिसेंबरअखेरीस नागपुरात दोन डॉक्टर तरुणींनी समारंभ केला. घरचे हजर, अंगठ्या घातल्या, फोटो देशभर गेले. नाव दिलं ‘कमिटमेंट रिंग सेरेमनी’. साखरपुडा हा तयार शब्द हाताशी होता, पण साखरपुड्यामागून लग्न यावं लागतं, आणि त्याला कायद्यात जागा नव्हती; पुढे १७ ऑक्टोबर २०२३च्या निकालातही सर्वोच्च न्यायालयानं तो हक्क देण्याचं नाकारलं. घरात तर अडचण त्याहून बारीक आहे. लेकीच्या जोडीदारणीची ओळख आईनं शेजारणीला करून द्यायची, तर जावई म्हणायचं की सून? बहुतेक आया तिला नावानंच हाक मारतात, आणि शेजारीण फारच मागे लागली तर ‘हिची मैत्रीण’ म्हणून चहा टाकायला आत जातात.