सौद्यांतील राहून गेलेलें कलम

चालू दुकानाचा सौदा हा केवळ मालाचा सौदा नव्हे. माल मोजतां येतो, येणें-देणें वहींत पाहतां येतें, इमारतीचें मोल सांगणारे जाणतेही मिळतात. परंतु ज्या मनुष्याकडे पाहून गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढतें, तो मनुष्य तागडींत घालतां येत नाहीं. म्हणूनच अशा व्यवहारांत घेणारा दोष काढतो, दिवस लांबवितो, दुसरें दुकान पाहत असल्याचें भासवितो. आणि देणारा विक्रीचे आंकडे फुगवितो. या साऱ्या डावपेचांना फांटा देऊन एक सौदा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ओमाहा शहरीं १९८३ सालीं झाला. त्याचा धडा पुरा होण्यास मात्र आणखी नऊ वर्षें लागलीं.

विकणाऱ्या बाई रोझ ब्लमकिन. त्यांचा जन्म १८९३ सालीं रशियन साम्राज्यांत, मिन्स्कजवळच्या एका खेड्यांत झाला. शाळेचें तोंड त्यांनीं कधीं पाहिलें नाहीं. सरहद्द ओलांडतांना, सैन्यासाठीं कातडें आणावयास जात आहें, परततांना तुझ्याकरितां व्होडका आणीन, असें पहारेकऱ्यास सांगून त्या निसटल्या आणि १९१७ सालीं अमेरिकेंत पोंचल्या. ओमाहांत त्यांनीं १९३७ सालीं अवघ्या ५०० डॉलरांवर सामानसुमानाचें दुकान मांडलें. स्वस्त विकावें आणि खरें बोलावें, हें त्यांचें धोरण. भाव पाडल्याबद्दल त्यांच्यावर फिर्याद झाली, तेव्हां इतक्या कमी दरांतही नफा कसा होतो हें त्यांनीं न्यायालयास पटवून दिलें. आणि त्याच न्यायाधीशांस नंतर १,४०० डॉलरांचे गालिचे विकले!

१९८३ सालीं या एकाच दुकानाची वार्षिक विक्री सुमारें १० कोटी डॉलर होती. बाई तेव्हां ८९ वर्षांच्या. त्याच शहरचे वॉरन बफे यांनीं आपल्या बर्कशायर हॅथवे कंपनीसाठीं धंद्याचा नऊ दशांश भाग सुमारें साडेपांच कोटी डॉलरांस घेतला. हिशेबतपासनीस बोलाविला नाहीं, कोठारांतील माल मोजविला नाहीं. बाईंचा शब्द पुरेसा मानला. करारपत्रही अगदीं त्रोटक होतें.

हा भाबडेपणा नव्हता. दुकानाची गांवांतील कीर्ति बफे वर्षानुवर्षें पाहत आले होते. तीच त्यांची हिशेबतपासणी. शिवाय धंद्याचा कांहीं भाग घरच्यांकडेच ठेवून कारभारही त्यांच्याच हातीं राहूं दिला. ज्या माणसांमुळें दुकान चालतें, तीं माणसें विक्रीच्या दिवशींच परकीं होऊं नयेत, यांतच या खरेदीचें खरें शहाणपण होतें. घासाघीस करून लाख-दोन लाख वांचविले असते आणि मनें दुखावलीं असतीं, तर तो नफा फार महाग पडला असता.

परंतु एक कलम राहून गेलें. बाईंनीं पुढें प्रतिस्पर्धी दुकान काढूं नये, असें करारांत कोठेंही नव्हतें. नव्वदीच्या उंबरठ्यावरील वृद्धेकडून असें लिहून घेण्याचें कोणास सुचणार? १९८९ सालीं नातवांशीं कारभारावरून बिनसलें. ९५ वर्षांच्या बाई तडक बाहेर पडल्या आणि जुन्या दुकानासमोरच त्यांनीं नवें दुकान थाटलें. विकत घेतलेली पुण्याई जणूं रस्ता ओलांडून पलीकडे गेली. १९९२ सालीं बफे यांना तेंही दुकान घ्यावें लागलें. या वेळीं ९९ वर्षांच्या बाईंनीं स्पर्धा न करण्याच्या करारावर सही केली. मागच्या खेपेस आपण या बाबतींत गाफील राहिलों, हें बफे यांनीं भागीदारांना लिहिलेल्या वार्षिक पत्रांत हंसत हंसत कबूल केलें. बाई १९९८ सालीं, १०४ व्या वर्षीं वारल्या.

एवढ्यावरून विश्वास ठेवणें चुकीचें ठरत नाहीं. विश्वासानें सौदा लवकर जुळला आणि पुन्हां समेटाची वाटही त्यानेंच मोकळी ठेवली. पण लेखी कलम म्हणजे अविश्वास, ही समजूत खोटी आहे. सही करतांना दोघांचींही मनें प्रसन्न असतात. तीं तशीं राहणार नाहींत त्या दिवसासाठीं कागद असतो.