सुईची जागा : प्रस्तावना

पुण्यात तयार झालेली लस २ ते ८ अंश सेल्सिअसच्या थंडाव्यात जपत साकोली तालुक्यातल्या उपकेंद्रापर्यंत आणावी लागते. या प्रवासावर बराच विचार झाला, पैसाही लागला. उरतात शेवटचे २५ मिलिमीटर, म्हणजे सुईची लांबी. ते काम नुसते हातवळणाचे मानतात. माझ्या मते शरीररचना आणि प्रतिकारशास्त्र यांची गाठ तिथेच पडते.

दीड महिन्याच्या बाळाची एकच भेट पाहा. पोलिओ आणि रोटाचे थेंब तोंडात, एफआयपीव्ही (पोलिओची टोचायची लस) उजव्या दंडाच्या कातडीत, पेंटा (पाच रोगांवरची एकत्रित लस) डाव्या मांडीच्या स्नायूत, पीसीव्ही (न्यूमोकोकलची लस) उजव्या मांडीच्या. टोचायच्या प्रत्येक लशीची खोली ठरलेली, आणि तिला कारण आहे. पेंटामध्ये ॲल्युमिनियमचा क्षार असतो. तो स्नायूऐवजी चरबीत पडला, तर सूज आणि गाठ येण्याचा संभव वाढतो.

पूर्वी सर्रास कुल्ल्यावर टोचत. तिथे चरबी जाड आणि सायटिक नस जवळ. हिपॅटायटिस बीची लस तिथे दिल्यावर प्रतिकारशक्ती कमी तयार होते, हे अभ्यासांतून दिसले. रेबीजच्या लशीबाबत ही चूक जिवावर बेतू शकते. कुत्रा चावलेल्या माणसाला ती कुल्ल्यावर कधीही देऊ नये. मोठ्यांना दंडावर द्यावी, खांद्याच्या हाडाच्या टोकापासून दोन-तीन बोटे खाली. त्याहून वर टोचले, तर सांध्याला इजा होऊ शकते.

स्नायूत टोचताना सुई ९० अंशांत, एका दमात आत जावी. दट्ट्या मागे ओढून रक्त येते का, हे पाहण्याची गरज नाही. मांडी आणि दंडावरच्या या जागी मोठ्या रक्तवाहिन्या नाहीत आणि ओढण्याने दुखणे वाढते. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही तसेच सांगितले. नंतर जागा चोळू नये, सुईला टोपण परत लावू नये, लगेच हब कटरमध्ये कापावी.

बाळ आईच्या कुशीत असावे. अंगावर पीत असले तर उत्तमच. रोवणीचे काम सोडून आलेल्या त्या आईला कोणती लस दिली, ताप आला तर काय करायचे, पुन्हा कधी यायचे, हे तिच्या झाडीबोलीत सांगावे आणि अर्धा तास थांबवून घ्यावे.

पहिले प्रकरण उघडण्याआधी एक करावे. मांडीच्या सांध्यापासून गुडघ्यापर्यंत स्वतःच्या मांडीचे तीन भाग कल्पावेत आणि मधला भाग बाहेरच्या अंगाने बोटांनी चाचपावा. तिथे जो भरीव स्नायू लागतो, त्याच्यापासून पुढचे विवेचन सुरू होते.