घाटात दम लागलेली कायनेटिक

खोपोली समुद्रसपाटीपासून साधारण ६० मीटरवर आहे आणि लोणावळा ६२० मीटरच्या आसपास. मधे बोरघाट. १८३० साली गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात इथला गाडीरस्ता खुला झाला, १८६३ मध्ये रेल्वे चढली. रेल्वेचा चढ इतका तीव्र, सदतीसास एक, की आजही कर्जतहून निघालेल्या गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात. या घाटात कुठल्याही वाहनाची लबाडी चालत नाही. सपाटीवर लपलेला दोष इथे बाहेर येतो. आमच्या कायनेटिक होंडाचंही तेच झालं.

अब्बांचा डावा पाय लहानपणी पोलिओने गेला. घर लोणावळ्यात, नोकरी खोपोलीत. गिअरच्या स्कूटरला किक मारायची, क्लच दाबून गिअर टाकायचा आणि भार सांभाळायचा, हे त्यांना जमण्यासारखं नव्हतं. कायनेटिक बटणावर सुरू व्हायची, क्लच नाही, गिअर नाही. मागे दोन जादा चाकं बसवून घेतली आणि अब्बा कुणाच्या पाठीमागे न बसता कामावर जाऊ लागले. गिअरलेस स्कूटर म्हणजे 'बायकांची गाडी' असं तेव्हा सर्रास म्हटलं जाई. म्हणणाऱ्यांना दोन धड पाय होते.

फिरोदियांच्या कायनेटिकने १९७२ मध्ये लूना बाजारात आणली होती. १९८४ मध्ये त्यांनी जपानच्या होंडाशी हात मिळवला आणि मध्य प्रदेशातल्या पीथमपूरच्या कारखान्यातून ९८ सीसीची ही स्कूटर बाहेर पडली. तिच्या पोटात जी यंत्रणा होती, ती मात्र जुनी. अमेरिकेत सॅल्सबरी यांच्या मोटर ग्लाइड स्कूटरवर ती १९३७ मध्येच आली होती. १९५८ मध्ये हॉलंडच्या डाफ कंपनीने ती मोटारीत बसवली. कॅनडात बॉम्बार्डिए यांनी १९५९ पासून स्की-डू विकायला काढली. तशा बर्फगाड्यांतही पुढे हीच पद्धत रुळली. बर्फाळ प्रदेशातले शौकीन आजही जुन्या बर्फगाडीचा झिजलेला क्लच उघडून जी डोकेफोड करतात, तीच आमच्याकडे खंडाळ्याच्या गॅरेजात चालायची.

यंत्रणा समजायला सोपी आहे. इंजिनच्या दांड्यावर दोन तबकड्यांची पुली असते, एक पक्की आणि एक सरकणारी. सरकत्या तबकडीच्या मागे रोलर असतात. इंजिन जोरात फिरलं की रोलर बाहेरच्या बाजूला फेकले जातात आणि तबकडीला पुढे रेटतात. दोन तबकड्यांमधली फट कमी होते, बेल्ट वर चढतो, गाडी वेग घेते. चढ लागला, इंजिन मंदावलं, की मागच्या पुलीची स्प्रिंग बेल्टला परत खाली खेचते. यालाच व्हेरिएटर म्हणतात. बर्फगाडीत गाडी जागची हलवण्याचं कामही हीच पुढची पुली करते. स्कूटरमध्ये त्यासाठी मागच्या चाकाजवळ वेगळे क्लच शू असतात. त्यामुळे दोष नेमका पुढे की मागे, हा प्रश्न स्कूटरवाल्याला आधी सोडवावा लागतो.

२००३ च्या पावसाळ्यात आमची गाडी घाटात अडू लागली. वळणावर एकदा वेग पडला की इंजिन गुदमरायचं, जणू चढावर कुणी टॉप गिअर टाकून ठेवलाय. एकाने पिस्टन बदला म्हणून सांगितलं. दुसरा म्हणाला, इतक्या जुन्या गाडीवर पैसे घालण्यापेक्षा भंगारात द्या. अब्बा त्या दिवशी घरी येऊन काही बोलले नाहीत. गाडी गेली असती तर पुन्हा रोज कुणाच्या तरी मागे बसावं लागणार होतं.

शेवटी खंडाळ्याच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. त्यांनी पाना हातात घेतला नाही, आधी विचारलं, ''भाईजान, सपाटीवर पहिल्यासारखी पळते का?'' पळते, अब्बा म्हणाले. ''मग इंजिनला हात लावायचा नाही. घाटात आवाज चढतो की पडतो?'' पडतो. ''जळका वास?'' नाही. म्हणजे मागचे क्लच शूही सुटले. शू घसरत असते तर इंजिन किंचाळलं असतं आणि गाडी जागेवरच राहिली असती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अब्बांना घाट चढून थेट गॅरेजात यायला सांगितलं. इंजिन बंद होताच कव्हर उघडलं. थांबलेल्या गाडीत पुढच्या पुलीवरचा बेल्ट तळाशी, दांड्याजवळ असायला हवा. तो अर्ध्यावर अडकून बसला होता. स्प्रिंग खेचत होती, पण तबकडी मागे सरकत नव्हती.

पुली खोलल्यावर कारण हातात आलं. रोलर एका बाजूने चपटे झाले होते. तबकडीचं बुश ढिलं होऊन ती तिरकी अडत होती. आणि तबकडीच्या तोंडावर, मधोमध, बेल्टने एक चर पाडली होती. उस्तादांनी तिच्यावरून नख फिरवलं आणि म्हणाले, ''हा घाट आहे.'' रोज तोच चढ, तोच भार, त्यात जादा चाकांचं वजन. बेल्ट रोज त्याच जागी घासत राहिला. इतिहासाची कागदपत्रं वाचणारा मी, पण असा पुरावा त्याआधी पाहिला नव्हता.

नवी पुली चटकन मिळण्यातली नव्हती. उस्तादांनी जुनं बुश काढून लेथवर गनमेटलचं नवं करून घेतलं. चर पूर्ण घालवायच्या फंदात ते पडले नाहीत. नुसत्या तिच्या कडा पॉलिश पेपरने मोडल्या. जास्त खरवडलं तर तबकडीचा कोन बिघडतो आणि बेल्ट काठावर बसून फाटतो. चपटे रोलर घासून गोल करा, असं मीच शहाणपणाने सुचवलं. त्यांनी हसून नकार दिला, घासले की वजनही जातं. दोन मोडीत निघालेल्या गाड्यांचे बरे रोलर त्यांनी निवडले आणि सराफाच्या काट्यावर तोलून सारख्या वजनाचे जमवले. ग्रीस बेल्टपर्यंत जाऊ नये म्हणून पुली कोरडी पुसून बसवली. बेल्ट तेवढा नवा घातला.

मग तबकडीवर मध्यापासून काठापर्यंत मार्करने एक रेघ ओढली आणि अब्बांना सपाटीवर पिटाळलं. परत आल्यावर रेघ काठाजवळपर्यंत पुसली गेली होती, बेल्ट तळाशी बसला होता. दोन्हीकडची वाट मोकळी झाली होती.

होंडाने ही भागीदारी १९९८ मध्येच सोडली होती. तिची स्वतःची अ‍ॅक्टिव्हा २००१ मध्ये आली, तिच्यातही व्हेरिएटरच. कायनेटिकचा दुचाकी व्यवसाय २००८ मध्ये महिंद्रांकडे गेला. अब्बांची गाडी त्यानंतरही दोन वर्षं घाट चढली, निवृत्तीच्या दिवसापर्यंत. उस्तादांच्या गॅरेजात आता त्यांचा मुलगा बसतो. सराफाचा काटा जाऊन इलेक्ट्रॉनिक आलाय, आणि मार्करची रेघ तो अजून ओढतो.