खैरियतीचा इतिहास

नेरूळमधली आमची सिडकोची इमारत पुनर्विकासाला गेली आणि घर रिकामं करताना माळ्यावरून एक जुनी सुटकेस खाली आली. तिच्यावर अब्बांचं नाव आणि खाली 'बॉम्बे' अशी अक्षरं पांढऱ्या रंगानं काढलेली. आत दोनशेच्या आसपास पत्रं, अकरा कॅसेटी, बँकेच्या ड्राफ्टच्या पावत्या आणि एका स्टॅम्प पेपरची झेरॉक्स. माझ्या मुलीनं एक पत्र उचललं, उर्दू आहे म्हणून माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "एवढं काय लिहायचे दादा?"

मी वाचून दाखवलं. बाद सलाम के मालूम हो, मी इथे खैरियतीनं आहे आणि तुम्हा सर्वांची खैरियत खुदाकडे नेक चाहतो. दुसरं काढलं, तेच. दहावं काढलं, तेच. मुलगी हसली. मला हसू आलं नाही, कारण या ओळीच्या खाली काय दडलेलं असायचं ते मला ठाऊक होतं.

आम्हा कोकणी मुसलमानांच्या परदेशगमनाचा इतिहास बहुतेक वेळा पैशांच्या भाषेत सांगितला जातो. रिझर्व्ह बँकेच्या २०२०-२१ च्या पाहणीत परदेशातून देशात आलेल्या रकमेत महाराष्ट्राचा वाटा ३५.२ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत पहिला होता. त्यात मुंबईतल्या बँका, मोठ्या पगाराचे लोक, सगळेच आले. पण गेलेला माणूस आणि मागे राहिलेलं घर एकमेकांशी काय बोलत होते, कोणत्या भाषेत बोलत होते आणि काय बोलू शकत नव्हते, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. सुटकेस उघडल्यावर तो मांडून पाहावासा वाटला.

आमचं जाणं आखातापासून सुरू झालं नाही. एकोणिसाव्या शतकात वाफेची जहाजं मुंबई बंदरात येऊ लागली तेव्हा डेकवरच्या कामासाठी रत्नागिरी जिल्ह्यातले मुसलमान भरती होत. खलाशी, त्यांच्यावर टंडेल, त्यांच्यावर सारंग. अनेकदा सारंग आपल्याच गावची, आपल्याच नात्यातली माणसं उभी करी. त्यामुळे एका जहाजावर जणू एक वाडीच चढे. घरी पत्र लिहायची गरज कमी होती. एक जण परतला की सगळ्यांची खबर गावात पोचायची.

त्याच काळात काही घरं दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला गेली. मोर्बे आणि हबसाणकडची, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातली आडनावं तिथे अजून सापडतात. तिथला एक कायदा मला फार जवळचा वाटतो. १९०२ मध्ये केप वसाहतीनं नवीन येणाऱ्याला युरोपीय भाषा लिहिता आली पाहिजे अशी अट घातली. १९०६ च्या कायद्यानंतर तिथे आधीपासून राहणाऱ्या हिंदी माणसालाही गावी जायचं तर परवाना काढावा लागे. त्यावर फोटो, अंगावरच्या खुणा आणि परतीची मुदत. मुदत चुकली की दार बंद. गावी आई आजारी असो, लग्न लांबलेलं असो, आगबोट चुकलेली असो, परवान्याला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं.

आता सौदीतल्या कोणालाही विचारा. 'एक्झिट री-एंट्री' संपायला किती दिवस राहिले, हे सुट्टीवर आलेल्या माणसाला तोंडपाठ असतं. अमिरातीत साधारण सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की रहिवासाचा परवाना बाद होतो, हेही तसंच पाठ. शंभर वर्षांत विमान आलं, पण गावी आलेल्या माणसाच्या खिशातला तो तारखेचा कागद गेला नाही.

आखाताशी आपला संबंध तेलाच्या आधीचा आहे. कुवेत, बहरीन, कतार आणि आजच्या अमिरातीत भारतीय रुपयाच चालत असे. सोन्याच्या चोरट्या व्यापारामुळे आपलं परकीय चलन वाहून जाऊ लागलं, तेव्हा १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं खास आखातासाठी वेगळा रुपया काढला. कुवेतनं १९६१ मध्ये आपला दिनार आणला, बहरीननं १९६५ मध्ये. १९६६ च्या जूनमध्ये भारतानं रुपयाचं अवमूल्यन केलं आणि बाकीच्यांनीही हळूहळू रुपया सोडला. पुढे १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले, वाळवंटात रस्ते, बंदरं, रिफायनऱ्या उभ्या राहू लागल्या आणि आपले लोक निघाले. ज्या मुलखात आपला रुपया चालायचा, त्या मुलखात आता आपण रियाल कमवायला गेलो.

अब्बा १९७७ मध्ये दम्मामला गेले. डोंगरीतल्या गावकऱ्यांच्या खोलीत तीन महिने व्हिसाची वाट पाहून, दादीच्या बांगड्या मोडून. तेव्हा परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठी १९२२ चाच इंग्रजी अमलातला कायदा होता. १९८३ मध्ये नवा कायदा आला आणि कमी शिकलेल्यांच्या पासपोर्टवर सरकारी मंजुरीचा शिक्का लागू लागला. पुढे दहावी झालेल्याला त्यातून सूट मिळाली. गावात मुलांना दहावीपर्यंत ढकलण्यामागे हे कारण किती मोठं होतं, हे शिक्षणाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी कधीतरी पाहावं.

पत्र कसं पोचायचं तेही सांगतो. दम्मामला पोस्टमन घरी येत नसे. पत्र कंपनीच्या पोस्ट बॉक्सवर जाई, तिथून कंपनीचा माणूस गठ्ठा आणी आणि मेसमध्ये नावं पुकारी. ज्याचं पत्र नाही तो ताट घेऊन कोपऱ्यात. इकडे पंधरा-वीस दिवसांनी पत्र गावी. गावी आल्यावर खरी अडचण सुरू होई.

आमच्या घरात बोलणं कोकणीत. अब्बा शिकले उर्दू शाळेत, म्हणून पत्र उर्दूत. अम्माच्या माहेरी उर्दू शाळा नव्हती, ती मराठी चौथी. नवऱ्याचं पत्र तिला वाचता येत नसे. मशिदीतले मौलवीसाहेब किंवा मोठे मामू वाचून दाखवत, घरातल्या सगळ्यांसमोर. आता अशा पत्रात नवरा बायकोला काय लिहिणार? मी खैरियतीनं आहे, एवढंच. अम्मा उत्तर सांगे, मामू ते उर्दूत 'नीट' करून लिहीत. तिनं सांगितलेलं "छप्पर गळतंय, एकटीनं किती बघू" हे कागदावर "घराची दुरुस्ती करणे आहे" असं होई. दोन माणसं कोकणीत विचार करत होती, तिसरा माणूस उर्दूत लिहीत होता, आणि मधल्या जागेत अख्खं लग्न हरवत होतं.

मग कॅसेट आली. १९८० च्या सुमारास अब्बा सुट्टीवर येताना टू-इन-वन घेऊन आले. आमच्या आळीत लोक त्या यंत्राला गाण्यांसाठी ओळखत होते, पण आमच्याकडे त्याचा खरा उपयोग वेगळा झाला. साठ मिनिटांची कॅसेट भरायची आणि जाणाऱ्या माणसाच्या हाती द्यायची. सुटकेसमधली एक कॅसेट मी परवा वाशीच्या एका दुकानात दुरुस्त करून ऐकली. आधी दादी मोठ्यानं बोलते, समुद्रापलीकडे हाक मारावी तशी. मग आम्ही मुलं पाढे म्हणतो. मग दार लावल्याचा आवाज. आणि नंतर अम्मा, हळू आवाजात, कोकणीत. काय बोलली ते इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे. पण त्यात 'खैरियत' हा शब्द एकदाही नाही.

माझ्या मते आमच्या परदेशगमनाच्या इतिहासातली मोठी घटना ही आहे. ज्या बोलीला लेखी मान नव्हता, शाळा नव्हती, तिनं पहिल्यांदा माणसाच्या खांद्यावर न बसता समुद्र ओलांडला, आणि तेही बायकांच्या आवाजात.

हे बोलणं तुटतं तेव्हा काय होतं ते १९९० मध्ये कळलं. २ ऑगस्टला इराकनं कुवेतवर हल्ला केला. चाचा तिथे होते. टपाल बंद, फोन बंद. घरात रात्री बीबीसीची उर्दू सेवा आणि सकाळी आकाशवाणी. कुवेतमधल्या भारतीयांना बसनं इराकमार्गे जॉर्डनला आणून अम्मानहून विमानानं मुंबईला उतरवलं गेलं. सुमारे दोन महिन्यांत एअर इंडियाची ४८८ उड्डाणं झाली आणि एक लाख सत्तर हजारांच्या वर माणसं परत आली. या कामगिरीचा अभिमान वाटावा असाच आहे. पण चाचा सहारला उतरले तेव्हा त्यांच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी होती आणि खिशात कुवेती दिनार, ज्यांना त्या दिवसांत कोणी विचारत नव्हतं. घरी आल्यावर ते आठवडाभर बोललेच नाहीत. दादी शेजारी बसून सुपारी कातरत राहिली.

दोन वर्षांनी ते पुन्हा गेले, या वेळी रियाधला. सुटकेसमधली स्टॅम्प पेपरची झेरॉक्स त्यांचीच. १९९६ मध्ये तिथे त्यांचं इंतकाल झालं. मय्यत भारतात आणायची की तिथेच दफन करायची, यासाठी वारसांची लेखी संमती लागते. चाचीनं नेरूळच्या या घरात बसून सही केली. कागदावर इंग्रजीत चार ओळी आहेत, खाली मराठीत तिचं नाव, शाळेत गिरवतात तसं वळणदार. वीस वर्षांच्या पत्रव्यवहारात तिनं स्वतःच्या हातानं लिहिलेला हा एकच कागद. चाचांची कबर आमच्यापैकी कोणी पाहिलेली नाही.

आम्ही नेरूळला का आलो, याचं उत्तरही या व्यवहारातच आहे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, १९९२ मध्ये लोकल खाडी ओलांडून वाशीला आली. त्याच वर्षाच्या शेवटी मुंबईत दंगली झाल्या आणि डोंगरीतल्या खोलीत मुलांना ठेवायला अम्मा तयार होईना. गाव सोडायचं नव्हतं आणि मुंबईही. नवी मुंबई मध्ये पडत होती. पनवेलहून गोव्याचा रस्ता सुटतो, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. शाळा होत्या, रियालमध्ये परवडेल असा फ्लॅट होता. आणि कोपऱ्यावर पिवळ्या पाटीचा एसटीडी-आयएसडी बूथ होता. शुक्रवारी तिथे रांग लागे, कारण तिकडे सुट्टी शुक्रवारी. लाल आकडे पळायचे आणि सगळे भराभरा एकच विचारायचे, कसे आहात, पैसे पोचले का, कधी येणार. आवाज थेट होता, पण मीटरनं पुन्हा खैरियतच शिल्लक ठेवली.

आता धाकटा भाऊ दुबईत आहे, चुलतभाऊ जेद्दाहमध्ये. गावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. दिवसाची पहिली विचारणा बहुधा हीच असते: कोणी मुंबईहून येतंय का? दोन किलो सामान आहे. मग सूचना: मसाल्यात खसखस नको, तिथे तिच्यावर बंदी आहे आणि माणूस तुरुंगात जातो. औषधांबरोबर डॉक्टरची चिठ्ठी हवीच. अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातो, कॉल लागत नाही, म्हणून दुसरं अ‍ॅप घ्या. शाळेची फी वाढली. इकामा वेळेत झाला नाही. सौदीनं २०१७ च्या जुलैपासून कुटुंबातल्या प्रत्येक अवलंबितामागे महिन्याला १०० रियाल घ्यायला सुरुवात केली, ती रक्कम दरवर्षी वाढत ४०० वर गेली. चुलतभावाची बायको आणि तीन मुलं २०१९ मध्ये तळोज्याला परत आली. अम्मानं जे एकटीनं केलं ते आता ती करते, फरक इतकाच की नवरा रोज रात्री स्क्रीनवर दिसतो. ती एकदा म्हणाली, "दिसतात भाऊजी, पण सांगता येत नाही. ते तिथे एकटे, मी रडले तर ते काय करतील?"

म्हणजे खैरियत अजून आहेच. आता तिला मौलवीसाहेब नकोत, मीटर नको, माणूस स्वतःच स्वतःची पत्रं 'नीट' करतो. पूर्वी मला वाटे की पत्रातली ती ओळ खोटी होती. आता तसं वाटत नाही. शंभर वर्षं आमची घरं तारखेच्या कागदावर आणि या एका शब्दावर उभी आहेत. एकानं तिथून म्हणायचं, मी बरा आहे. दुसऱ्यानं इथून म्हणायचं, आम्हीही. दोघांनाही माहीत असतं, आणि तरी म्हणायचं.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. उलव्याची टेकडी सपाट होताना आम्ही पाहिली होती. यापुढे निरोप द्यायला सहारपर्यंत जावं लागणार नाही. निरोप मात्र द्यावा लागेलच.

वाचकांना एक विनंती. तुमच्याही माळ्यावर अशी एखादी सुटकेस, बिस्किटाचा डबा, कॅसेटींची पिशवी असेल. पुनर्विकासात पहिल्यांदा तीच भंगारात जाते. कॅसेटची फीत बुरशी धरते, ती लवकर उतरवून घ्या. पत्रांवर तारखा नसतील तर पाकिटावरचा शिक्का पाहून मागे पेन्सिलीनं लिहा. उर्दू वाचणारं घरात शेवटचं कोण आहे ते ओळखा आणि त्यांच्याकडून वाचून घ्या. मागे राहिलेल्या बायकांना विचारा, त्यांनी काय सांगितलं होतं आणि कागदावर काय उतरलं. सांगतील ते घ्या, सांगणार नाहीत ते राहू द्या.

अब्बा आता नाहीत. अम्मा ऐंशीच्या पुढे आहे. भाड्याच्या घरात तिच्या पलंगाखाली ती सुटकेस ठेवली आहे. मी तिला विचारलं, कॅसेट ऐकायची का? ती म्हणाली, "माझंच बोलणं मी काय ऐकू? त्यांचं असेल तर लाव."

अकरा कॅसेटींपैकी सहा अब्बांच्या आहेत. रोज असरनंतर एक बाजू ऐकतो. सध्या तिसरी चालू आहे.