देवपूरचं दुकान, मोबाईलचा काउंटर

धुळ्यात पांझरेच्या पलीकडे देवपूर. इथल्या छोट्या दुकानदाराला जाहिरातीचा खर्च झेपत नाही, पण मोबाईल हातात असतोच. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल २०१६ मध्ये आला, दुकानदारांसाठीचं व्हॉट्सॲप बिझनेस २०१८ मध्ये. २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि त्याच वर्षी रील्स, शॉर्ट्स सुरू झाले.

पण खरा धंदा कॉलवर होतो. ईदच्या कपड्याचा फोटो रंगाला फसवतो. कापड उलगडून, शिवण ताणून दाखवली, ‘सलाम, आपा’ म्हणून माप विचारलं, की घरबसल्या सौदा ठरतो. भाव मात्र व्हिडिओतच सांगा, लपवाछपवी नको.

आणि पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. कोणी मागितला तर कॉल तोडा. फसलात तर लगेच १९३० लावा.