गावात व्यायाम: किती करायचा, कुठे करायचा आणि सोयीसाठी कुणाकडे मागणी करायची?

‘दिवसभर रानात राबतो, आणखी व्यायाम कशाला?’ हा प्रश्न कुठल्याही तालुक्यात ऐकायला मिळतो. पण गावातलं काम आता बदललंय. नांगरट ट्रॅक्टरने होते, मळणी यंत्राने होते आणि रानात जायला मोटारसायकल असते. ज्यांच्या वाट्याला अजून खरी अंगमेहनत आहे, म्हणजे ऊसतोड मजूर, खुरपणी-लावणीच्या बायका, त्यांचं काम तासन् तास वाकून चालतं. त्यात कंबर आणि गुडघे झिजतात. तेही हंगामापुरतंच, बाकीचे महिने बसून जातात. म्हणून कष्ट आणि व्यायाम एकच धरून चालत नाही.

‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात २०२४ मध्ये आलेल्या अभ्यासानुसार २०२२ साली देशातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, तर बायकांत ५७ टक्के होतं. आयसीएमआरच्या २०२३ मधल्या अभ्यासात देशात १० कोटींहून जास्त मधुमेही असल्याचा अंदाज आहे. साखर ही शहरी लोकांची तक्रार, असं म्हणायचे दिवस गेले.

किती हालचाल पुरेशी?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल करावी, म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम हवा. ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी एक तास हवा. ६५ च्या पुढच्यांनी आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव करावा, पडून हाड मोडण्याचा धोका त्याने कमी होतो.

‘मध्यम’ ओळखायला घड्याळ लागत नाही. चालताना बोलता येतंय, पण गाणं म्हणता येत नाही, तो वेग बरोबर. एकदम अर्धा तास जमत नसेल तर दहा-दहा मिनिटं तीनदा चाललं तरी हिशेबात धरतात.

आशाताईंच्या फॉर्ममध्ये हा प्रश्न असतो

तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा सीबॅक नावाचा फॉर्म आशाताई भरून घेतात. त्यात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, घरातला आजार यांच्यासोबत ‘आठवड्याला १५० मिनिटं हालचाल होते का?’ हाही प्रश्न असतो. प्रत्येक उत्तराला गुण आहेत. बेरीज चारच्या वर गेली तर तपासणी लवकर करून घ्यायची. बरेच जण ‘हो हो, करतो की’ म्हणून मोकळे होतात. तिथे खोटं सांगून नुकसान स्वतःचंच. बीपी आणि साखर आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे पूर्वीच्या उपकेंद्रात, मोफत तपासतात. योगाचे वर्गही तिथे भरायला हवेत. भरत नसतील तर समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना विचारावं.

राज्यातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. थोडं चालल्यावरच धाप लागत असेल तर आधी हिमोग्लोबिन बघून घ्यावं. सिकलसेलच्या रुग्णांनी तहान लागायच्या आधीच पाणी प्यावं, उन्हात दमछाक होईपर्यंत पळू नये. छातीत दुखलं, चक्कर आली, तर थांबून दवाखाना गाठावा.

जागा आणि निधी

ओपन जिम बसवली की काम झालं, असा समज बऱ्याच ग्रामपंचायतींत दिसतो. यंत्रं येतात, फोटो निघतात, वर्षभरात बेअरिंग जाम होतं आणि दुरुस्तीला पैसा कुठल्या खात्यातून द्यायचा हे कुणालाच माहीत नसतं. जागा बहुतेक वेळा पारासमोर किंवा स्टँडजवळ असते. तिथे माणसं बसलेली असताना सुनेनं जाऊन व्यायाम करावा, ही अपेक्षाच फोल. त्यापेक्षा शाळेचं मैदान सकाळ-संध्याकाळ उघडं ठेवणं, कडेने पायवाट सपाट करणं, दोन दिवे लावणं, याला खर्च कमी आणि उपयोग जास्त. शाळेला मैदान असावं असं शिक्षण हक्क कायद्यातच नमूद आहे. ते भिंतीआड कुलपात असेल तर शाळा व्यवस्थापन समितीकडे अर्ज द्यावा.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. मैदान, दिवे, बायकांसाठी ठरावीक वेळ हे विषय तिथेच मांडून ठराव लिहून घ्यावा. नंतर तो ग्रामपंचायत विकास आराखड्यात गेला पाहिजे, नाहीतर ठराव वहीतच राहतो. मोठ्या कामासाठी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे व्यायामशाळा विकास आणि क्रीडांगण विकास अशा दोन अनुदान योजना आहेत. रक्कम आणि अटी शासन निर्णयानुसार बदलतात, म्हणून जागेचा उतारा आणि ठराव घेऊन आधी चौकशी करावी. अंदाजपत्रकात देखभालीचा खर्च धरलाय का, हे सरपंचांना जरूर विचारावं.

पैसा नसेल तरी

खो-खोला लागतं २७ बाय १६ मीटरचं मैदान आणि दोन खांब. लंगडी आणि आट्यापाट्याला तर फक्की मारली की झालं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला, दोघांचेही कर्णधार, प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचेच. नाशिकच्या आदिवासी भागातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली.

स्पर्धा न खेळणाऱ्यांसाठी लेझीम आहे, फुगड्या-झिम्मा आहे. फक्त ते मंगळागौरीपुरतं न ठेवता बचत गटाच्या बैठकीआधी वीस मिनिटं केलं, तर बायकांना घरातून वेगळी परवानगी मागावी लागत नाही. चालायचा गटही असाच पाच-सहा जणींचा करावा. एकटीला रस्त्यावर भीती वाटते, पाच जणींना कमी वाटते. उन्हाळ्यात वेळ सकाळी सातच्या आत किंवा ऊन उतरल्यावरची ठेवावी.