मराठीची उपासना, सकाळी साडेआठ



इथं इंदूर-ग्वाल्हेरच्या लोकांचं मी आवडीनं वाचतो. सरदारांचे वाडे, बडोद्याचा गणपती, आजीच्या हातच्या पुरणपोळ्या, सगळं वाचतो. पण बाहेरगावच्या मराठी माणसाबद्दल लिहिताना त्यात मराठी ख्रिस्ती माणूस कुणाला आठवत नाही. त्यात कुणाचा दुष्टावा नाही. आम्हीच कधी सांगितलं नाही. म्हणून आज मी लिहितोय. बेळगावात माझा जन्म झाला, उभं आयुष्य पाळक म्हणून गेलं, आता निवृत्त आहे. तरी रविवारी सकाळी साडेआठची मराठी उपासना अजून माझ्याकडे असते, कारण ती घ्यायला दुसरं कुणी नाही.

विषय निघाला तो एका अंत्यविधीला. आमच्या मंडळीतले एक वडीलधारे गृहस्थ गेले. उद्यमबागेत लेथवर काम करून निवृत्त झालेले. त्यांच्या गल्लीतली माणसं स्मशानभूमीत आली होती, पेटीला खांदाही त्यांनीच दिला. आम्ही गायन म्हटलं, प्रार्थना झाली, सगळ्यांनी मूठमाती दिली. नंतर नळावर हातपाय धुताना त्यातले एक जण मला हळूच म्हणाले, "पास्टर, एक विचारू काय? राग मानू नका. तुमचं गाणं अगदी अभंगासारखं लागलं की ओ. तुमचं सगळं इंग्लिशमध्ये नसतंय होय?"

मी हसलो. म्हटलं, "अभंगासारखं नाही, अभंगच तो." ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही आधी मराठी, की आधी ख्रिश्चन?" त्यावर माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. "चहा घ्या आधी," एवढंच म्हणालो. शेजार चाळीस वर्षांचा, आणि प्रश्न चाळीस वर्षांनी आला.

दुसऱ्याच आठवड्यात आमच्या कमिटीची बैठक होती. विषय असा की मराठीच्या उपासनेला 22 माणसं येतात, कधी 18. दहा वाजताच्या इंग्लिश उपासनेला बाहेर खुर्च्या मांडाव्या लागतात. कानडी उपासना संध्याकाळी असते, तिचंही बरं चाललंय. तेव्हा मराठीची उपासना महिन्यातून एकदाच घ्यावी. सुचवणारा मुलगा गुणी आहे, त्याचा बाप्तिस्मा मीच केलेला. म्हणाला, "काका, तुमच्यावर काही नाही. पण लोकच नाहीत." मी गप्प बसलो. गप्प बसायला कारणही तसंच होतं. माझी स्वतःची मुलगी आणि नातवंडं दहाच्या उपासनेला बसतात. नातू बायबल मोबाईलवर वाचतो, इंग्लिशमध्ये. त्याला देवनागरी येते, पण वेग नाही. मी कुणाला काय म्हणून बोलणार?

घरी आलो आणि त्या शेजाऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर मनातल्या मनात लिहायला लागलो. तेच इथं मांडतो.

आमच्या बोलण्यातले शब्द आधी बघा. नाताळ हा शब्द सगळा महाराष्ट्र वापरतो. तो पोर्तुगीजांकडून आला. पाद्री, क्रूस हेही तिकडूनच. त्याच गलबतातून पाव आला, बटाटा आला, चावी आली. पाव खाताना कुणी तो परका मानत नाही. हे मी प्रवचनातसुद्धा सांगतो आणि लोक हसतात.

पण शब्द आले तसे इथल्या मातीतून गेलेही. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडात जन्मलेला जेझुइट 1579 साली गोव्यात आला आणि पुढची चाळीस वर्षं तिथंच राहिला. त्यानं ओव्यांमध्ये ख्रिस्तपुराण रचलं. ते 1616 साली साष्टीत राचोलला छापलं गेलं. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो. मराठीचं कौतुक त्यानं ज्या प्रेमानं केलंय, तितकं आपल्यातल्या फार थोड्यांनी केलं असेल. नव्यानं ख्रिस्ती झालेल्या गोव्यातल्या लोकांना पुराण ऐकायची सवय होती, ते सुटल्याची रुखरुख होती, म्हणून त्यानं पुराणच लिहिलं. माणसाचं दुःख ओळखून केलेलं काम आहे ते. पुढे 1684 साली पोर्तुगीज सरकारनं लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं असा हुकूम काढला. तरी ख्रिस्तपुराण हस्तलिखितांतून टिकलं. मूळ छापील प्रत आज कुठंही सापडत नाही, पण लोकांनी हातानं उतरवून घेतलेल्या वह्या सापडतात.

आता बेळगाव. इथं 1820 साली लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर आले. पुढे 1904 च्या सुमारास ते काम मेथडिस्ट मिशनकडे गेलं. शाळा निघाल्या, त्यांत आमच्यापेक्षा इतर समाजांचीच मुलं जास्त शिकली. बेळगावच्या जुन्या घरांत विचारा, आजोबा मिशनच्या शाळेत होते असं निम्मे लोक सांगतील.

याच गावात 1831 साली बाबा पदमनजी जन्मले. कासार घराणं, खाऊनपिऊन सुखी. इथल्या मिशन शाळेत शिकले, मग मुंबईला गेले, आणि 1854 साली बेळगावातच त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे पुण्यात ते पाळक होते. त्यांचं यमुनापर्यटन 1857 चं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात, आणि तिचा विषय काय, तर विधवांचे हाल. 1860 साली त्यांनी शब्दरत्नावली हा मराठी कोश केला. म्हणजे घरदार, जात, नाती तुटायची वेळ आलेला माणूस मराठी शब्द गोळा करत बसला होता. मी लहान असताना माझे वडील मला खडेबाजारातून नेताना सांगायचे की आपल्या भाषेतला पहिला कादंबरीकार आपल्या गावचा. आज बेळगावात त्यांचं नाव किती जणांना ठाऊक आहे, कोण जाणे. आमच्या इंग्लिश उपासनेतल्या मुलांना मी विचारलं होतं. एकानं ते क्रिकेटर का म्हणून विचारलं.

माझ्या घरी मात्र पदमनजींपेक्षा टिळक जास्त होते. नारायण वामन टिळक, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, चित्पावन ब्राह्मण, कवी. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांनी चर्चमध्ये अभंग आणला, ओवी आणली, टाळ-मृदंग आणला. त्याआधी आमची बरीच गायनं इंग्लिश चालींवर बेतलेली असायची, शब्द मराठी आणि चाल परकी. म्हणताना जीभ अडखळायची. टिळकांमुळे शेतातून आलेल्या बाईलाही पाठ होईल असं गायन मिळालं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग त्याही ख्रिस्ती झाल्या. त्यांची स्मृतिचित्रे तुमच्यापैकी पुष्कळांनी वाचली असतील. ज्या बाईला नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानं वेड लागायची पाळी आली, तिनंच पुढे नवऱ्याचं अपुरं राहिलेलं ख्रिस्तायन पूर्ण केलं. धर्मांतर म्हटलं की दोन्हीकडचे लोक घोषणा देतात. मला त्या विषयावर लक्ष्मीबाईंपेक्षा खरं बोलणारं कुणी भेटलं नाही. त्यांनी रडणंही लिहिलं आणि हसणंही लिहिलं.

पंडिता रमाबाईंचं एकच सांगतो. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या पंडिता, पण भाषा खेड्यातल्या बाईला कळेल अशी साधी ठेवली. माझी आई चौथी शिकलेली होती. तिच्या हातून बायबल सुटत नसे.

रोजच्या मंडळीच्या जीवनात हे सगळं कुठं दिसतं, तेही सांगतो. बुधवारी घराघरात प्रार्थना सभा असते. बैठकीवर सतरंजी, पेटी, ढोलकी, झांजा, नंतर पोहे आणि चहा. नाताळात आमच्याकडे करंज्या, चकल्या, अनारसे होतात, आणि बेळगाव म्हणून कुंदा. दिवाळीत शेजारून ताट येतं, नाताळात आमचं जातं. ताट रिकामं परत करायचं नाही. उत्तम शुक्रवारी बारा ते तीन उपासना असते, क्रूसावरचे सात उद्गार सात जण सांगतात. त्यात एकदा एक रिक्षावाला बोलला, "मला तहान लागली आहे" यावर, आणि उन्हाळ्यात स्टँडवर उभं राहण्याबद्दल पाच मिनिटं बोलला. माझ्या सगळ्या प्रवचनांत तितकं चांगलं एकही नसेल.

कापणीच्या सणाला लोक तांदूळ, नारळ, भोपळे, कोंबड्या घेऊन येतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. एक अंडं घेणारा ते परत देतो, पुन्हा लिलाव, पुन्हा परत. असं ते अंडं कोंबडीपेक्षा महाग होतं. त्या लिलावाची भाषा मराठी असते. इंग्लिश उपासनेची मुलंसुद्धा तेव्हा मराठीत ओरडतात. कानडी बांधवही मराठीत बोली लावतात. 1956 पासून या गावात भाषेवरून काय काय झालं ते मी बघितलंय, पाट्या फुटल्या, बंद झाले. आमच्या इमारतीत मात्र सकाळी मराठी आणि संध्याकाळी कानडी, किल्ली एकाच शिपायाकडे. भांडणं आमच्यातही झाली, नाही असं नाही. पण ती पंख्याच्या बिलावरून.

आता माझी चूक. दहाएक वर्षांपूर्वी मंडळीतल्या एका तरुणानं मराठी गायनं इंग्लिश अक्षरांत टाईप करून पडद्यावर दाखवायला सुरुवात केली. मी ते बंद केलं. सगळ्यांसमोर म्हणालो, "देवनागरी येत नसेल तर आधी ती शिका." तो काही बोलला नाही. पुढच्या महिन्यापासून त्याचं घर दहाच्या उपासनेला जायला लागलं. चार माणसं. मग त्यांच्या ओळखीचं आणखी एक घर.

या आठवड्यात ख्रिस्तपुराणाबद्दल पुन्हा वाचताना मला माहीत असलेलीच एक गोष्ट नव्यानं टोचली. 1616 चं ते राचोलचं पुस्तक रोमन लिपीत छापलेलं होतं. गोव्यात तेव्हा देवनागरीचे खिळे नव्हते. म्हणजे छापलेलं आमचं पहिलं मोठं मराठी काव्य त्याच अक्षरांत होतं, जी मी पडद्यावरून पुसायला लावली. स्टीफन्सनं देवनागरीची वाट बघितली असती तर ओव्या लोकांपर्यंत गेल्याच नसत्या.

मी त्या मुलाला फोन केला. आता बंगळूरला असतो. म्हटलं, "बाळा, तेव्हा मी चुकलो." तो जरा थांबला, मग म्हणाला, "पास्टर, मला वाईट वाटलं होतं. बाबांना जास्त." त्याचे बाबा गेले त्याला तीन वर्षं झाली. पुढे काय बोलावं मला कळलं नाही. त्यानं ती जुनी फाईल शोधून पाठवली. 112 गायनं आहेत. टाईपच्या चुका पुष्कळ, पण सगळी आहेत.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी कमिटी पुन्हा बसणार आहे. मी दोन गोष्टी मांडणार. गायनं पडद्यावर दोन्ही लिप्यांत येऊ द्या. आणि साडेआठची वेळ बदलून अकरा करा, म्हणजे दहाची उपासना संपवून ज्यांना थांबायचं त्यांना थांबता येईल. मान्य होईलच असं नाही. नातवाला विचारलं, थांबशील काय? म्हणाला, "पोहे असतील तर थांबतो." पाळकीणबाईंनी पोह्यांचं कबूल केलंय.

एक विनंती. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या कुणाच्या घरी आजी-आजोबांच्या हाताने उतरवलेल्या गायनांच्या वह्या असतील, मग घर कुठल्याही चर्चचं असो, तर पानांचे फोटो मला पाठवा. चालीची आठवण असेल तर फोनवर गाऊन पाठवा. आवाज कसाही असला तरी चालेल, आमचाही तसाच आहे.